कार्डाचा कोपरा

"पंचे, मी मेलो म्हणं. तुला काही कळलं का?"

ग्यानोबाकाका दारात उभे राहून हे विचारत होते तेव्हा मी सहाणेवर कडूजहर काळा बोळ उगाळत होते. यशी चालायला लागली होती, दात आले होते, आणि त्या उन्हाळ्यात माझ्याच अंगात काही उरलं नव्हतं. नळावरच्या बायकांनी सांगितलं, आता पोरीला अंगावरून तोड, छातीला बोळ लाव. तो लावला की लेकरू एकदाच तोंड लावतं, आणि मग आपल्याकडं असं बघतं की जणू आपण त्याच्या आईच्या जागी येऊन बसलेली कुणी लबाड बाई आहोत. ते बघणं चुकवायला मी उगाळण्यातच वेळ काढत होते.

काका म्हणजे माझ्या मावशीचे मालक. आई लवकर गेली, मला या दोघांनी वाढवलं. त्यांच्या हातात पत्र्याचा रिकामा डबा होता. जिल्हा झाला म्हणून आणला, म्हणाले. वाटलं लातुरात तरी पाणी असेल. मी पेला भरून दिला. त्यांनी अर्धा पिऊन अर्धा यशीसाठी बाजूला ठेवला आणि मग काय झालं ते सांगितलं.

मावशीचा खटला बघणारे शेषेराव वकील जेलात भेटीला गेले होते. मावशीसोबत कोंडलेली सिंधु त्यांना हळूच म्हणाली, सरजाबाईनं बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. कारकुनाला निरोप धाडला की आणा तुमचा कागद, अंगठा लावते, मला माझ्या माणसाची माती तरी बघू द्या. बुधवारी कोर्टापुढं उभं करतील तेव्हा लावणार. वकील तिथून थेट काकांच्या घरी गेले, तर काका शेळीला पाला टाकत होते.

"वकीलसाहेब मला बघून दचकले," काका म्हणाले. "मीबी दचकलो. आपल्याला ठावं न्हाई आन् वकिलाला ठावं हाय, म्हणजे खरं आसंल म्हणलं."

ते स्वतःच हसले. मला हसू आलं नाही. मावशी अंगठा लावणार, म्हणजे तिच्यामागं बाकीच्या चौघीही लावणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मावशीचं गाव मुखेडकडचं. नव्या जिल्ह्याची हद्द जवळून गेली, पण गाव नांदेडातच राहिलं. विहिरी आटल्यावर तिथं सरकारी टँकर यायचा आणि व्यंकटराव पाटलांच्या आळीतल्या विहिरीत रिकामा व्हायचा. आमच्या बायकांनी त्या विहिरीच्या कट्ट्यावर पाय ठेवायचा नाही; खाली घागरी मांडून बसायचं, पाटलांचा गडी शेंदून वरून ओतणार, त्याची मर्जी असेल तेवढं. पाणी धारेनं खाली यायचं, अर्धं घागरीत, अर्धं अंगावर. मावशी म्हणाली, टँकर सरकारचा, पाणी सरकारचं, मग मधी हा कोण. तिनं आणि चौघीजणींनी टँकरपुढं रस्त्यात घागरी मांडल्या आणि बसल्या. विहिरीबद्दल तक्रारही दिली. त्यांच्यावर सरकारी कामात अडथळा आणि दंगल अशी कलमं लागली. बाहेर यायला एकच वाट ठेवली होती: चूक झाली, पुन्हा असं करणार नाही, असं लिहून द्यायचं आणि तक्रार मागं घ्यायची. मावशीनं सांगितलं होतं, "चूक झाली असं मी माझ्या नवऱ्याला कधी म्हणले न्हाई, ह्यांना म्हणू का?"

तेव्हापासून मी पाचजणींना कार्डं लिहीत होते. वकिलांच्या समितीनं एक नमुना छापून दिला होता, त्यात धगधगता संघर्ष होता, इतिहासाची पानं होती. नळावरच्या रांगेत मी तो वाचून दाखवला तर एकजण म्हणाली, हे सरजाबाईला लिवलंय का तिच्या पुतळ्याला. मग मी माझंच लिहायला लागले. वेळ तोच, रांगेतला. घागर रांगेत, यशी मांडीवर झोपलेली, बादली पालथी घालून तिच्यावर बसायचं आणि गुडघ्यावर कार्ड. बायका आपापलं सांगायच्या. लिव, तुमच्यामुळं आमच्या आळीतबी दोघी टँकरवाल्याला उलटून बोलायला लागल्या. लिव, आमची सून नांदत न्हाई पण घागर उचलायला बरी हाय. मावशीला मी यशीचे दात लिहायची, ती भिंत धरून कशी चालते ते लिहायची. आणि वर उजव्या कोपऱ्यात, मावशीनंच माझ्याकडून पाटीवर गिरवून घेतलं होतं तसं, आधी जयभीम. तिला स्वतःला अक्षर येत नाही, पण ते दोन शब्द ती चित्रासारखे ओळखते.

माझे मालक श्रीमंत नव्या कलेक्टर कचेरीत कारकून. कचेरीत अजून टेबलांच्या वार्निशचा वास येत होता. टंचाईच्या बैठकीला साहेब लोक आले की त्यांच्या जीपगाड्या टँकरच्या पाण्यानं धुतात, हे तेच घरी येऊन सांगायचे, आणि सांगून झाल्यावर मान खाली घालून जेवायचे. कार्डांवर आपलं नाव, आपला पत्ता नको, एवढं एकच त्यांचं म्हणणं. नोकरी होती, मी कधी वाद घातला नाही. त्या दिवशी मात्र मी जेलात जाते म्हटल्यावर ते म्हणाले की व्यंकटरावांनीच कुणाकडून तरी खोटी बातमी पेरली असणार, तू जाऊन काय होणार. मी म्हटलं, मेलेलं माणूसच सोबत नेते.

बोळाचा खडा पदराच्या गाठीत बांधला, काकांचा डबा पाण्यानं भरला, यशीला कडेवर घेतलं आणि काकांबरोबर निघाले. नांदेडला गाडी बदलून आणखी पुढं जायचं होतं. वाटेत सगळी शिवारं खरवडून काढल्यासारखी. यशी दुधासाठी रडून रडून थकली. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले की घरी शेळीसुद्धा सरजाच्या नावानं ओरडते. थोड्या वेळानं म्हणाले, आली तर बरंच होईल. पुन्हा म्हणाले, पण तिला तसं सांगू नको.

जेलच्या कचेरीत भेटीची चिठ्ठी करणारा कारकून गोड बोलायचा. स्वच्छ पांढरा सदरा, केसांना तेल, मला ताई म्हणाला, यशीला बघून बोटं नाचवली. काकांना बाकावर बसा असं म्हणाला नाही, ते दाराजवळ जमिनीवर बसले. त्याच्यापुढं आलेल्या टपालाचा गठ्ठा होता. आमची चिठ्ठी लिहिता लिहिता त्यानं गठ्ठ्यावरचं एक कार्ड ओढलं, वरवर वाचलं, उजव्या कोपऱ्यावर तिरकी पट्टी ठेवली आणि कोपरा फाडला. सरळ रेषेत, रोजची कामं करावीत तसं.

कार्ड माझं होतं. गेल्या आठवड्याचं.

मी काही बोलायच्या आधीच काका उठून उभे राहिले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

"कुणाचं हो साहेब?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "कोण गेलं?"

आमच्याकडं मयताच्या कार्डाचा कोपरा फाडून धाडतात. वाचता न येणाऱ्यालाही हातात पडताच कळावं म्हणून. तसलं कार्ड उंबऱ्याच्या आत नेत नाहीत, दारातच वाचून घेतात आणि फाडून टाकतात. काकांना अक्षर येत नाही. त्यांनी फक्त कोपरा बघितला. मावशीलाही अक्षर येत नाही.

दर आठवड्याला एक कार्ड. यशीला दात आला, कोपरा नाही. यशी भिंत धरून चालली, कोपरा नाही. रांगेतल्या बायकांचं हसणं-खिदळणं, कोपरा नाही. मी हौसेनं लिहीत राहिले आणि हा माणूस पट्टी ठेवून फाडत राहिला, आणि माझ्या प्रत्येक कार्डासरशी मावशीच्या घरातलं एकेक माणूस मरत गेलं.

कारकुनानं फाडलेला तुकडा बोटांत फिरवून त्याची बारीक टोकदार सुरळी केली आणि दाढेत घातली. तंबाखू अडकली होती. सुरळीच्या बाहेरच्या बाजूला निळी शाई दिसत होती, माझा 'भी', त्याची वेलांटी मी जरा जास्त वळवते. ती त्याच्या ओठांत हलत होती.

मी विचारलं, कोपरा फाडलेल्या कार्डाचा अर्थ तुमच्याकडं काय होतो ते तुम्हाला माहीत नाही का?

त्यानं सुरळी बाहेर काढली, टोकाला काय आलं ते बघितलं. "माहीत हाय की ताई. माझी आई गेली तवा मीच बसून फाडले कोपरे. पण घोषणा आत जाऊ देता येत न्हाई. अख्खं कार्ड दाबून ठेवलं आसतं तर तुमी काय करनार व्हता? मी तर पोचवून राहिलो."

"मंग शाई फासा की त्याच्यावर," काका म्हणाले.

"शाई सरकारी हाय."

आणि हे सांगून तो छान हसला. मग आवाज आणखी मऊ करून म्हणाला, की दुसऱ्या बराकीतल्या दोघांनी मागच्याच महिन्यात लिहून दिलं, लोक आता समजूतदार झालेत, घरच्यांच्या आठवणीनं माणूस मऊ होतं. सुरळी पुन्हा दाढेत गेली.

त्यानं माझ्यावर हात उगारला असता तर मला राग आला असता. इथं राग येईना. आईच्या मरणाची खूण ज्या बोटांनी केली त्याच बोटांनी हा ती जिवंत माणसांवर डकवत होता, मधल्या वेळात दात कोरत होता, आणि स्वतःला आमच्यावर उपकार करणारा समजत होता. खरंच समजत होता. त्याच्या तोंडाकडं बघून ते कळत होतं.

भेटीच्या जाळीपाशी मावशी आली ती खाली बघत. मला आधी तिचे हात दिसले. मनगटं उघडी, त्यांवर काचेचे बारीक ओरखडे. मी लहानपणापासून त्या हातांचा आवाज ओळखते. पीठ मळताना, केस विंचरताना, मारताना. आता ते हात जाळीवर आले आणि आवाज झाला नाही.

तिनं मान वर केली. काकांकडं बघितलं. बघतच राहिली.

"टोपी कुठं हाय?" ती म्हणाली.

काकांनी डोक्याला हात लावला. कार्ड बघून काढलेली टोपी कारकुनाच्या खोलीतच राहिली होती.

"उन्हाचं उघड्या डोक्यानं आलाव," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. मग ती रडली, जाळीला कपाळ लावून, काका आपली बोटं जाळीतून जातील तेवढी घालून तिच्या कपाळाला लावत होते.

मी कोपऱ्यांचं सगळं सांगितलं. तिला समजायला वेळ लागला नाही. मागं सिंधु उभी होती, तिच्याकडं वळून मावशी म्हणाली, "ही वाचून दाखवायची, समदे खुशाल हायत, पोरीला दात आला. मला वाटायचं माझं मन राखून राहिली. कुणी सांगतं का तोंडावर, तुझा नवरा मेला म्हणून? जितकं ग्वाड वाचायची तितकी माझी खात्री व्हायची. लबाड म्हणले मी हिला." सिंधु म्हणाली, लबाडच न्हाई आक्का, तुम्ही मला सटवीबी म्हणलाव.

कारकून आमच्यामागंच येऊन उभा होता, हातात टाइप केलेला कागद घेऊन. आजीबाई, म्हणाला, आता तर मालक समोरच आहेत, बुधवारी अंगठा लावा आणि दोघं जोडीनं घरी जा. ते खरंही होतं. मेलेल्या नवऱ्यासाठी ती अंगठा द्यायला निघाली होती. हा तर जिवंत होता, सुकलेला, उघड्या डोक्याचा, अडीच हातांवर. काका बसमध्ये काय म्हणाले ते मला माहीत होतं. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं.

मावशीनंच त्यांना विचारलं. "तुमी काय म्हणता?"

काकांनी जाळीची एक तार बोटानं घासली.

"पाणी अजून वरूनच वततेत," ते म्हणाले.

बाकी काही नाही. शेळीचं नाही, घराचं नाही. मावशीनं ते ऐकलं, मान हलवली, जणू त्यांनी बाजारभाव सांगितला.

"साहेब," ती कारकुनाला म्हणाली, "न्हेवा तुमचा कागद. वरून पडलेलं पाणी प्यायला मी कशाला सुटू? माझं माणूस जित्तं हाय. मला घाई न्हाई."

मी म्हटलं, इथून पुढं वर जयभीम लिहिणार नाही, म्हणजे कोपरा शाबूत राहील. हे बोलताना मला माझीच शिसारी आली. मावशीनं ऐकून घेतलं नाही.

"काऊन? लिव तू. फाडू दे त्याला. कोपरा फाटका दिसला की समजीन, पोरीनं लिवलं व्हतं. ज्या दिवशी अख्खं कार्ड येईल त्या दिवशी मला घोर लागंल, का बाई भ्याली का काय."

"चारी कोपऱ्यात लिव," काका म्हणाले.

"न्हाई. मंग वाचायला काय उरंल?"

ती हसली तेव्हा यशीनं जाळीतून हात घालून तिचं बोट धरलं. मावशीचं उघडं मनगट आणि त्या पोरीची मूठ. वेळ संपली असं सांगितलं तरी यशी सोडेना, मला तिची बोटं एकेक करून उकलावी लागली.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, टोपी राहू दे, त्या खोलीत पुन्हा पाय ठेवायचा नाही. पण ऊन भयंकर होतं, मी गेले. कारकून जागेवर नव्हता. टोपी दाराशी पडलेली होती. ती उचलायला वाकले तर टेबलाखाली टोपलीभोवती त्या सुरळ्या दिसल्या. काही टोपलीत, काही नेम चुकून फरशीवर, चावून मऊ झालेल्या, थुंकीनं फरशीला चिकटून वाळलेल्या. कुठं नुसतं 'जय' दिसत होतं. सगळ्याच काही माझ्या नव्हत्या, इतरांच्याही आया-बहिणी लिहीत असणार.

मला वाटलं, गोळा करून न्याव्यात. लेकराची शी मी उघड्या हातानं काढते, ओकारी पदरानं पुसते, नाकातलं बोटानं काढते, कधी मनात काही आलं नाही. भीमाचं, आम्हा सगळ्यांच्या बापाचं नाव ज्यावर मी लिहिलं त्या कागदाला हात लावायला मी खाली बसले आणि हात पुढं जाईना. टोपी घेतली आणि उठले. बाहेर येऊन भिंतीकडं तोंड करून ओकले. काकांनी डब्यात उरलेलं पाणी माझ्या हातावर घातलं. जपून, पण वरून नाही, डबा अगदी हाताला टेकवून घातलं.

बुधवारी पाचही जणींनी अंगठा दिला नाही. त्यांची कोठडी वाढली. वकिलांनी वरिष्ठांकडं अर्ज केला, उत्तर आलं की प्रकरण माहितीस्तव पुढं पाठवलं आहे. फाडलेल्या कोपऱ्यांवर ते आता चांगलं भाषण करतात, लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. सुरळीचं ते सांगत नाहीत. सभेत असलं बरं दिसत नाही, म्हणाले.

कार्डाची तारीख आली तेव्हा मी पुन्हा रांगेत बादली पालथी घातली. यशीचं दूध आता सुटलं होतं, ती मांडीवर बसून माझ्या पदराची गाठ सोडत होती. मी लिहिलं की काकांची टोपी त्यांच्या डोक्यावर आहे, रोज बघायला माणूस नेमलं आहे. यशी पाच पावलं चालते आणि सहाव्याला बसते. तुझ्यासाठी नव्या बांगड्या आणून ठेवल्यात, हिरव्या, तू आलीस की वेशीवरच भरू. उजव्या कोपऱ्यात आधीच, ठसठशीत, जयभीम लिहून ठेवलं होतं. खाली पाठवणाऱ्याचा पत्ता या वेळी घातला. श्रीमंतांना सकाळी सांगितलं होतं; त्यांनी शाईची दौत माझ्याकडं सरकवली.

गाठ सुटून बोळाचा खडा माझ्या मांडीवर पडला. मी त्याच्याकडं बघितलं आणि मग कार्डाकडं.

घागरीच्या तळाशी पाणी होतं त्यात बोट भिजवलं, खडा तळहातावर घासला आणि ते कोपऱ्यावर फिरवलं, अक्षरांच्या कडेकडेनं, अक्षर फिसकटणार नाही असं. पाठीमागूनही लावलं. कार्ड मुळातच मातकट, वाळल्यावर काही दिसेना. बाकीच्या कार्डावर थेंब उडू दिला नाही, ते मावशीच्या हातात जायचं होतं.

यशीनं झडप घालून कार्ड ओढलं आणि नेहमीसारखा कोपरा तोंडात घातला. क्षणभर काही नाही. मग तिचं तोंड वाकडं झालं, जीभ बाहेर आली, डोळे मिटले, आणि अंगावरून काटा गेल्यासारखी ती शहारली. माझ्याकडं तिनं तेच बघितलं, लबाड बाईकडं बघावं तसं.

मी तिचं तोंड पदरानं पुसलं, साखरेचे चार दाणे तिच्या जिभेवर ठेवले, आणि कोपऱ्यावर आणखी एकदा बोळ फिरवला.